गाडी नसली तरी जमणारा ट्रेक : ईडेल आणि किंडर स्काउट

मँचेस्टर नाहीतर शेफिल्डला कोणाकडे जाणार असाल तर एक दिवस ईडेलसाठी काढाच. दोन्ही शहरांना जोडणाऱ्या होप व्हॅली लाइनवरच स्टेशन आहे, उतरलं की चालतच गावात. गाव म्हणजे एक अरुंद रस्ता, चर्च, शाळा आणि पब, संपलं. वरच्या टोकाला ओल्ड नॅग्ज हेड पब, तिथून पेनाइन वे ही लांब पल्ल्याची पायवाट सुरू होते, २६८ मैल, पार स्कॉटलंडपर्यंत.

आपल्याला तेवढं नाही चालायचं, गावाच्या वरचं किंडर स्काउटचं पठार पुरे. उंची ६३६ मीटर. कळसूबाई १६४६ केलेली मंडळी हे ऐकून हसतात आणि साधे स्पोर्ट्स शूज घालून निघतात. चढ खरंच सोपाय, अपर बूथ या वस्तीवरून जेकब्ज लॅडरच्या दगडी पायऱ्या धरल्या की झालं, खरी गोची वर गेल्यावर होते, कारण वर शिखर असं काही नाहीच, नुसता सपाट माळ, काळाकुट्ट पीटचा (कुजलेल्या वनस्पतींच्या दलदली मातीचा) चिखल, मधे मधे माणूस दिसेनासा होईल एवढ्या घळी आणि ढग उतरला की चारी दिशा सारख्याच. त्यामुळे मधे घुसू नका, दक्षिणेची कड धरा, ओळीने हे खडक लागतात : नो स्टूल, पिम चेअर, मग वूलपॅक्स. वूलपॅक्सचे गोलमटोल खडक मेंढरं बसल्यासारखे दिसतात, डबा तिथेच खा. पुढे ग्रिंडस्लो नॉलवरून सरळ गावात उतरता येतं.

पेनाइन वेवर पीट तुडवला जाऊ नये म्हणून जागोजागी फरशा टाकल्यात, त्यातल्या बऱ्याच लँकेशायरच्या पाडलेल्या कापडगिरण्यांतल्या. काहींवर यंत्रं बसवायची भोकं अजून दिसतात. आपल्या गिरण्यांवर टॉवर आले, यांच्यावरून लोक ट्रेक करतायत!

आणि हा माळ काही फुकट मिळालेला नाही बरं का. शिकारीसाठी राखीव होता, लोकांना फिरायला बंदी, ती मोडायला २४ एप्रिल १९३२ ला पलीकडच्या हेफिल्डकडून कामगार पोरं मुद्दाम घुसली, पाच जण तुरुंगात गेले.

बूट वॉटरप्रूफच हवेत, जून असला तरी जॅकेट घ्या. नेटवर्कच्या भरवशावर राहू नका, ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा संस्थेचा ओएल १ नकाशा आणि कंपास ठेवा. ओढ्याचं पाणी पिऊ नका, सगळीकडे मेंढ्या चरतात. आणि परतीच्या ट्रेनची वेळ घरून निघायच्या आधीच बघून ठेवा, रविवारी तर नक्कीच.