अण्णांच्या खिशातलं नेट

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात घरून काम करायचं म्हणजे आधी अण्णांचा कार्यक्रम विचारावा लागतो, कारण माझ्या सिमला गावात रेंज नाही आणि त्यांच्या सिमला चांगली चार काड्या. मग त्यांच्या फोनवर हॉटस्पॉट चालू करायचा, लॅपटॉपच्या वायफाय यादीत त्यांचं नाव शोधायचं, पासवर्ड टाकायचा (आठ अक्षरांपेक्षा कमी चालत नाही, नाहीतर अण्णांनी १२३४ च ठेवला असता) आणि कामाला लागायचं. हॉटस्पॉट म्हणजे शेजाऱ्याच्या बोअरला पाइप लावल्यासारखंच, पाणी येतंय तोवर शेजारी लई भला माणूस.

पण ह्या बोअरला पाय आहेत ना. मीटिंग रंगात आलेली असते आणि अण्णा टोपी घालत उभे, "झालं का रे तुझं? मला रानात जायचंय." मी म्हणतो अण्णा दहा मिनिटं थांबा की, तर म्हणतात, "फोन ठेवून जाऊ व्हय? पाण्याच्या मोटारीचा मेसेज आला तर?" आणि गाडीला किक बसली की वायफायच्या काड्या एकेक करून उतरतात, वेशीपर्यंतसुद्धा पुरत नाहीत.

त्यात आमचं घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं आणि जाड भिंतींचं. उन्हाळ्यात आत गारवा असतो ते ह्याच जाड भिंतींमुळं आणि रेंज अडते तीपण त्यांच्यामुळंच. फोन आत आणला की टॉवर हरवतो, बाहेर ठेवला की वायफाय आत पोचत नाही. शेवटी जागा सापडली ती माळवदावर, साण्याच्या कडेला. वर फोनला टॉवर मिळतो आणि साण्यातून वायफाय सरळ खाली माझ्या टेबलावर उतरतं, ज्यानं कुणी उजेडासाठी हे भोक ठेवलं त्याला आशीर्वाद. सेटिंगमध्ये बँड मात्र २.४ गिगाहर्ट्झच ठेवायचा, ५ वाला वेगानं पळतो पण भिंत आली की लगेच दम टाकतो. आणि फोन सावलीला पाहिजे, वरून टॉवरशी बोलायचं आणि खाली वायफाय वाटायचं, दोन्ही कामं एकदम म्हणल्यावर तो तसाच तापतो, वरून मराठवाड्याचं ऊन म्हणजे बघायलाच नको.

लॅपटॉपला तर कशाचंच सोयरसुतक नसतं. वायफाय दिसलं की त्याला वाटतं घरचंच नेट आहे, मग मागच्या मागं अपडेट उतरवत बसतो आणि दिवसाचा दीड जीबी दुपारच्या जेवणाआधीच साफ. विंडोजमध्ये त्या वायफायला 'मीटर्ड' (म्हणजे मोजून वापरायचं नेट) करून ठेवलं की बराच आवरतो. अण्णांच्या लेखी मात्र ह्या सगळ्याचा हिशेब एकच, संध्याकाळी कीर्तन अडकलं म्हणजे पोरानं नेट संपवलं.

खरं सांगायचं तर यूएसबी केबल लावून नेट घेतलेलं बरं, चार्जिंगपण होतं आणि कनेक्शन सारखं तुटत नाही. पण केबल लावायची म्हणजे फोन लॅपटॉपपाशी, आत, आणि आत तर टॉवरच नाही. लांब केबल बघितली बाजारात, दुकानदार म्हणला ही फक्त चार्जिंगची हाय, हिच्यातून नेट जात नाही. अण्णांना सांगितलं तर म्हणले, "त्यापेक्षा तू माझ्या कंपनीचं सिम घे की."