बासचा रॉड, मरळीचा तलाव: यंदाच्या हंगामाची नोंद

दुकानात 'बास रॉड', 'बास रील' म्हणून जे मिळतं, त्यातलं आपल्या विदर्भातल्या तलावांवर काय खरंच उपयोगी पडतं, हे यंदा एकेक वस्तू बदलून पाहिलं. बास म्हणजे अमेरिकेतला गोड्या पाण्यातला शिकारी मासा, तो आपल्याकडे नाही. पाण्यावर चाललेला बेडूक दिसला की अंगावर धावून येणारा आपला मासा म्हणजे मरळ. त्यामुळे अमेरिका-जपानमधल्या बासवाल्यांचे व्हिडिओ बघून खरेदी करताना दर वेळी एक प्रश्न विचारावा लागतो: हे बासच्या तोंडासाठी केलंय, ते मरळीच्या तोंडाला चालेल का?

वजनात फारसा फरक नाही. बासचा विक्रम सुमारे 10 किलोचा आहे. 1932 साली जॉर्जियात जॉर्ज पेरी यांनी तो केला आणि 2009 साली जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली. पण तिथेही रोज गळाला लागतात ते किलो-दीड किलोचेच, आपल्या मरळीएवढे. फरक आहे तो तोंडात. बास मोठा आ करून पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो. मरळ चावते. दातांनी बेडूक घट्ट धरते आणि तशीच खाली वेलात शिरते. तिचा टाळा हाडाचा, जबडा कडक. दातात धरलेला बेडूक जागचा हलला नाही तर गळ रुततच नाही, आणि तो हलवायला रॉडमध्ये दम लागतो. जपानमध्ये 1925 साली बास आणून आशी सरोवरात सोडला, त्याची गरी तिथे पुढे मोठा छंद झाली. तरी मरळीच्याच कुळातल्या रायग्योसाठी तिथल्या लोकांनी बासपेक्षा जाड, वेगळे रॉड काढले. त्यामागचं कारण मला हेच वाटतं.

म्हणून माझी निवड उलट्या बाजूने होते. आधी तलाव, मग बेडूक (म्हणजे रबरी आमिष), मग दोर, मग रॉड आणि सगळ्यात शेवटी रील. बहुतेक नवीन मंडळी रीलपासून सुरुवात करतात आणि पैसे तिथेच संपतात.

तलाव म्हणजे मी उमरेड आणि रामटेक बाजूच्या माजी मालगुजारी तलावांबद्दल बोलतोय. एका काठाला बेशरमाची दाटी, मध्ये कमळाची पानं, एका कोपऱ्यात कोणाचा तरी शिंगाडा, उन्हाळा चढला की उथळ भागात शेवाळाचा जाड थर. उघडं पाणी असतं ते मधोमध, आणि तिथे मरळ क्वचितच असते. रामटेककडच्या एका तलावावर डोंग्यातून जाळं सोडणाऱ्या काकाजींनी मला हे सरळ सांगितलं: "मरळ उघड्या पान्यात कायले येईन बाबू? शेवाळात भोक पाह्य, तिथंच टाक." त्या दिवसापासून मी उघड्या पाण्यात बेडूक फिरवणं बंद केलं. मरळ हवेतून श्वास घेते, त्यामुळे तिला अधूनमधून वर यावंच लागतं. शेवाळातलं ताटलीएवढं भोक हे बहुतेक तिचं श्वास घ्यायचं ठिकाण असतं. तिथे छोटा बुडबुडा फुटला, पान हललं की नेमक्या त्या जागी टाकायचं नाही. पलीकडे दोन हात लांब टाकायचं आणि ओढत त्या भोकावर आणून थांबवायचं.

आता बेडूक. पोकळ रबरी अंगाचा, पोटाखालून वर वळलेला दुहेरी गळ असलेला. हे गळ पाठीला चिकटून असतात म्हणून वेलात अडकत नाहीत, आणि मासा चावला की अंग दबून गळ उघडे पडतात. बूया कंपनीचा पॅड क्रॅशर अर्ध्या औंसाचा, म्हणजे 14 ग्रॅमचा, आणि त्याचा धाकटा भाऊ पाव औंसाचा, 7 ग्रॅमचा. दाट शेवाळावर 14 ग्रॅमच लागतो, कारण हलका बेडूक वरच्या थरावर नुसता घसरतो आणि खालच्या माशाला त्याचा दाब जाणवतच नाही. 7 ग्रॅमचा कमळाच्या पानांमध्ये जिवंत वाटतो. पानावर चढवायचा, क्षणभर बसू द्यायचा, मग हलकेच पाण्यात सोडायचा. मला स्वतःला ही गरी सगळ्यात जास्त आवडते.

पाकिटातून काढलेला बेडूक मी तसाच वापरत नाही. पक्कड घेऊन दोन्ही गळांची टोकं अगदी किंचित बाहेर वळवतो. जास्त वळवली तर वेल ओढायला लागतात. कानशीने टोकाला धार लावतो. नखावर टेकवलं की घसरलं नाही पाहिजे. मग रबरी पायांच्या झालरी दोन-तीन सेंटीमीटर कापतो. लांब झालरी पाण्यात ओढल्या जातात आणि बेडूक सरळ रेषेत येत राहतो. कापल्या की मनगटाच्या झटक्यावर तो डावी-उजवीकडे डोलतो. अंगात पाणी शिरतं, ते दर काही फेकींनंतर दाबून काढायचं. आत पाणी भरलेला बेडूक मागून बुडतो आणि गळ खाली जातात.

दोर ब्रेडच, म्हणजे धागे विणून केलेला, त्यात दुसरा विचार नाही. फ्लोरोकार्बनचा दोर बुडतो आणि बेडकाचं नाक खाली ओढतो. मोनो, म्हणजे एकपदरी नायलॉन, ताणली जाते, मग लांबवर झटका पोचत नाही. ब्रेड तरंगतो, ताणत नाही आणि जोरात ओढला की वेल कापत येतो. बासवाले दाट झाडीत 50 ते 65 पौंडी वापरतात. मी यंदा 40 पौंडीवर आलो, म्हणजे 18 किलोचा दोर. त्याखाली उतरलो की शिंगाड्याच्या वेलात भरवसा वाटत नाही, आणि 65 पौंडी घातला की 7 ग्रॅमचा बेडूक लांब जात नाही. लीडर (मध्ये जोडायचा वेगळा दोर) नाही, स्नॅप (उघडझाप होणारी कडी) नाही. दोर थेट बेडकाला, पालोमार गाठीने: दोर दुमडून कडीतून काढायचा, साधी सैल गाठ मारायची, खालच्या फासातून अख्खा बेडूक घालायचा, थुंकी लावून ओली करायची आणि सावकाश आवळायची. कोरडी आवळली तर घर्षणाने ब्रेडचं सूत जळतं. सकाळी निघण्यापूर्वी गाठीलगतचा वीतभर दोर बोटांमधून ओढून बघतो. कुठे खरखर लागली की तेवढा कापून पुन्हा गाठ.

रॉडमध्ये यंदा सगळ्यात मोठा बदल झाला. आधी मीडियम पॉवरचा साडेसहा फुटी होता, आता 7 फुटी मीडियम हेवी, फास्ट ॲक्शनचा. पॉवर आणि ॲक्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नवीन मुलांना मी हमखास सांगतो. पॉवर म्हणजे वाकवायला किती जोर लागतो, ॲक्शन म्हणजे कुठून वाकतो. फास्ट ॲक्शनचा रॉड टोकाकडेच वाकतो. त्यामुळे टोक बेडूक नाचवायला मोकळं राहतं आणि पाठीचा कणा मरळीला वेलातून उचलायला ताठ. रॉडवर हँडलच्या वर जे आकडे छापलेले असतात ते वाचूनच घ्या. 'ल्यूर (आमिष) 1/4 ते 1 औंस' असं लिहिलेला माझ्या दोन्ही बेडकांना पुरतो.

बाइकवरून जायचं असल्याने मी दोन तुकड्यांचा रॉड घेतला. एकसंध रॉड जास्त संवेदनशील असतो हे खरं, पण वर्धा रोडवर सकाळी पाचला ट्रकांच्या मधून सात फुटी काठी नेणं मला पटत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून तीन इंची पीव्हीसी पाइप, दोन टोप्या, आत जुन्या टॉवेलची गुंडाळी. दोन्ही तुकडे त्यात आरामात बसतात. रॉडवरच्या, दोर ज्यातून जातो त्या कड्यांची तपासणी कापसाने करतो. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवायचा. जिथे तंतू अडकला तिथे सिरॅमिकला चीर आहे आणि तिथेच ब्रेड कातरला जाणार.

रीलबद्दल आता. बेटकास्टर घेतला, म्हणजे दोराची फिरकी (स्पूल) फेकताना स्वतः फिरते ती रील, 7.1:1 गिअरचा: हँडल एकदा फिरवलं की स्पूल सातेक वेळा फिरतो. हँडलच्या एका फेऱ्यात साधारण 75 सेंटीमीटर दोर आत येतो. हा वेग लागतो तो मासा लागल्यानंतरच्या पहिल्या तीन सेकंदांसाठी. त्या तीन सेकंदांत मरळीचं डोकं वर राहिलं तर ती पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत येते. डोकं खाली गेलं की वेलात गुंडाळते आणि मग तुम्ही किलोभर मासा आणि पाच किलो शेवाळ ओढत बसता. स्पिनिंग रीलवर, जिच्यात फेकताना स्पूल स्थिर असतो, मरळ निघत नाही असं नाही. हलक्या बेडकासाठी ती आजही माझ्या पिशवीत असते. पण दाट झाडीत अंगठ्याने स्पूल दाबून धरण्याचा जो ताबा आहे तो बेटकास्टरवरच मिळतो.

बेटकास्टर जमवण्यात सुरुवातीचे आठवडे जातात, ते द्यावेच लागतात. मी गांधीबागेतून एक मोठी ताडपत्री आणली आणि गच्चीवर पसरून, गळ काढलेल्या बेडकाने फेकीचा सराव केला. आधी स्पूलचा ताण: बेडूक टोकापासून वीतभर खाली लटकवायचा, बटण दाबायचं, तो सावकाश खाली यायला हवा आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबायला हवा. मग ब्रेक. शिमानो कंपनीच्या एसव्हीएस पद्धतीत ठोकळे केंद्रापासून बाहेर सरकून घासतात, दाइवा कंपनीच्या मॅगफोर्समध्ये चुंबक काम करतं. दोन्हींचा हेतू एकच, फेकीच्या सुरुवातीला स्पूल बेडकापेक्षा जास्त जोरात फिरू नये. सुरुवात जास्त ब्रेकवर करायची आणि अंगठा शिकत जाईल तसा कमी करायचा. तलावावर वारा समोरून असेल तर मी आजही एक-दोन घरं ब्रेक वाढवतो. आणि बेडूक पाण्याला टेकण्याच्या क्षणी अंगठा स्पूलवर हवाच, मग रील कितीही महागडी असो.

ब्रेड भरताना स्पूलवर आधी मोनोचे काही वेढे घ्या, नाहीतर ब्रेड गुळगुळीत स्पूलवर सगळाच्या सगळा फिरतो आणि तुम्हाला वाटतं ड्रॅग (मासा जोरात ओढला की दोर सोडणारी रीलची पकड) सुटला. भरताना ओल्या फडक्यातून, घट्ट. सैल भरलेला ब्रेड मासा लागल्यावर स्वतःच्याच थरात रुततो.

ड्रॅग मी जवळजवळ पूर्ण आवळतो. साध्या स्प्रिंग काट्याला दोर बांधून ओढला तर साडेचार किलोच्या आसपास सुटायला हवा.

झटका. मरळीने बेडकावर फटका मारला की आवाजानेच हात वर जातो, पण तेव्हा मारायचं नाही. रॉडचं टोक पाण्याकडे झुकवायचं, सैल दोर गुंडाळायचा, दोराला वजन जाणवलं की मग दोन्ही हातांनी. यंदा मी नियम केला की कानाने नाही, हाताने ठरवायचं. त्यानंतर गळाला लागून निसटणाऱ्या मरळी बऱ्याच कमी झाल्या, आणि लागतात त्यांच्या टाळ्यात दोन्ही गळ खोल रुतलेले असतात.

मासा काढताना लिप ग्रिप (जबडा धरायचा चिमटा) आणि लांब तोंडाची पक्कड जवळ हवीच. त्या दातांत बोट घालू नका. मरळ हवेत तग धरते म्हणून लोक तिला मे महिन्यातल्या दगडावर ठेवून फोटो काढतात. तो दगड पायाला चटका देतो, तिच्या अंगावरचा चिकट थर तिथेच निघतो. ओलं पोतं अंथरा, त्यावर फोटो, आणि सोडायची असेल तर लगेच सोडा.

उन्हावरून आठवलं: गाडीच्या डिकीत सामान ठेवू नका. 45 अंशात बंद डिकीमध्ये वेगवेगळ्या प्लास्टिकच्या ल्यूर एकमेकींना चिकटून वितळतात आणि बेडकांची अंगं दबून तशीच राहतात. मी बेडूक एकेकटे, दाब न पडता, डब्यात ठेवतो, आणि डबा घरात.

परवानगीबद्दल. बहुतेक तलावांचा ठेका गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. ठेका भरलेला, बीज सोडलेलं, राखण त्यांची. त्यामुळे आधी जाऊन विचारणं हा माणुसकीचा भाग आहे. मी विचारतो, म्हणतील ते देतो, आणि मरळ ठेवायची की सोडायची हेही त्यांनाच विचारतो. तोतलाडोह पेंच व्याघ्र प्रकल्पात येतं, तिकडे गरी घेऊन जायचं नाव काढू नका.

पाऊस सुरू झाला की माझी बेडकाची गरी बंद. मरळीचे आईबाप तेव्हा पिलांचा थवा राखत असतात. पृष्ठभागावर लालसर-नारिंगी पिलांचा गोळा उसळताना दिसतो आणि त्याच्याखाली आई किंवा बाप. त्या गोळ्यावर बेडूक टाकला तर फटका हमखास मिळतो, कारण ती भुकेने नाही, राखणीने चावते. ती बाहेर काढली की पिलं मिनिटांत दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात. असा गोळा दिसला तर बेडूक आवरा आणि दुसऱ्या काठाला जा.

या पावसाळ्यात रील उघडून बेअरिंग स्वच्छ करणार आहे, जुना ब्रेड उलटा भरणार आहे म्हणजे न वापरलेलं टोक वर येईल. दिवाळीनंतर तलाव निवळले की बझबेट (पाण्यावर पातं फिरवत आवाज करणारं आमिष) घेऊन जायचं आहे, कमळाच्या कडेने, जिथे बेडूक फार हळू पडतो. वजन पाव औंस घ्यावं की तीन अष्टमांश, हे ज्यांनी आपल्याच बाजूच्या तलावांवर वापरून पाहिलंय त्यांनी सांगा. पाण्याची खोली आणि वेल कुठला तेही लिहा, त्याशिवाय नुसत्या वजनाचा उपयोग नाही.