मामांची कायनेटिक होंडा आणि सहा रोलर

आमच्या मामांची कायनेटिक होंडा, केए 22 पाटीची, बेळगावातल्या कपिलेश्वरच्या उड्डाणपुलावर चढताना नुसती बोंबलायची. आवाज ऐकला तर वाटावं साठने चाललीय, आणि बाजूने सायकलवाला आरामात पुढे जायचा. मामांचं निदान ठरलेलं, इंजिन संपलं, बोअर करून घेऊया. इंजिन बिचारं ठणठणीत होतं हो! त्याची ताकद चाकापर्यंत पोचत नव्हती एवढंच, आणि ती पोचवायचं काम करणारा व्हेरिएटर डावीकडच्या कव्हरखाली इतकी वर्षं गपचूप झिजत बसला होता, त्याच्याकडे कोणी बघितलेलंच नव्हतं.

1984 साली ही गाडी आली तेव्हा बटण दाबून स्टार्ट होणारी आणि गिअर न टाकता पळणारी स्कूटर म्हणजे अप्रूप होतं. गाडी आडवी करून किक मारत घामाघूम होणारी पुरुषमंडळी हिला बायकांची गाडी म्हणून हसायची, पण माझ्या मते त्या काळातली रस्त्यावरची सगळ्यात हुशार स्कूटर हीच होती. व्हेरिएटर म्हणजे पुढे दोन तबकड्या, आतून उतरत्या कडांच्या, मध्ये पट्टा, आणि एका तबकडीच्या पाठीमागे खोबणीत सहा रोलर. इंजिन जोरात फिरलं की रोलर बाहेरच्या बाजूला पळतात, तबकडीला ढकलतात, तबकड्या जवळ येतात आणि पट्टा वर चढतो, आणि पट्ट्याची लांबी काही वाढत नाही म्हणून मागची पुली, म्हणजे चाकाकडची तशीच तबकड्यांची जोडी, स्प्रिंगला दाबत उघडते. झाला गिअर बदलून. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही, पुढचं वजन आणि मागची स्प्रिंग यांची रस्सीखेच, बस्स.

मला रात्री झोप नाही आली की मी मोबाईलवर कॅनडा-मिनेसोटाकडच्या लोकांचे जुन्या स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या गाड्या, दुरुस्त करायचे व्हिडिओ बघतो. का ते विचारू नका, बेळगावात बर्फ म्हणजे वळवाच्या गारा. पण त्यांचा ड्राइव्ह क्लच, म्हणजे इंजिनावरची पुढची पुली, उघडला की आत बघावं तर आपलीच भावकी! तसाच पट्टा, तशाच तबकड्या, फक्त सुट्या रोलरच्या जागी बिजागरीवर हलणारी वजनं. फरक एक मोठा आहे. आपल्या स्कूटरचा पट्टा गाडी चालू ठेवून उभी असताना पण फिरत असतो आणि चाक सोडायचं-धरायचं काम मागचा क्लच करतो. तिकडे इंजिन हळू चालू असलं की तबकड्या लांब असतात, पट्टा मध्ये सैल पडून राहतो, रेस वाढली की मगच पकड. म्हणजे एकच भाग क्लच पण आणि गिअर पण, त्यामुळे त्यातला बुश, म्हणजे तबकडी ज्याच्यावर सरकते ती धातूची नळी, झिजून तबकडी डुलायला लागली की गाडी धक्का खात सुटते आणि पट्टे खाते. ते लोक क्लच उघडायच्या आधी प्रत्येक भागावर मार्करने खूण करतात, कारण सगळे भाग एकत्र बॅलन्स केलेले असतात, एक जरी फिरवून बसवला तरी सात-आठ हजार आरपीएमला थरथर सुरू.

तर मामांचा व्हेरिएटर उघडला. इथे एक सांगतो, गल्लीतला मेकॅनिक नट काढायला तबकडीवरच्या पंख्याच्या पात्यात स्क्रूड्रायव्हर अडकवतो, ते करू देऊ नका, पातं तुटतं. तबकडी धरून ठेवायचा होल्डर नाहीतर इम्पॅक्ट गन आहे का आधी विचारा, नसेल तर गाडी ढकलत दुसरीकडे न्या.

आत रोलर गोल राहिलेच नव्हते, एका बाजूने घासून सपाट झालेले, ते गडगडणार कुठले, घसटत जायचे आणि मध्येच अडकायचे. पट्टा झिजून अरुंद झालेला, म्हणून पुढच्या पुलीत वरपर्यंत चढायचाच नाही. आणि सरकणारी तबकडी हाताने हलवली तर बुशावर चक्क डुगडुगत होती. मामांना यातलं काही कळलं नव्हतं त्याचं कारण सोपं आहे, हे इतकं सावकाश होतं की गाडी थोडी ढिली पडली की माणूस नकळत थोडी जास्त मूठ पिळतो आणि मग तेवढं पिळणं हीच सवय होते.

रोलर आणि पट्टा मिळाला. बुशाचं काय? लोक म्हणाले जुन्या गाडीचा अख्खा सेट शोधा. कशाला? तिसरं रेल्वे गेट ओलांडून उद्यमबागला गेलं की फाउंड्र्या आणि लेथची रांग लागते, जगभराच्या कंपन्यांचे पार्ट तिथे ओततात आणि कातून देतात, त्यांना एक बुश काय जड आहे. टर्नर नमुना बघून म्हणाला, "एवढ्या बारक्या कामाला उन्हातनं आलासा व्हय?" आणि पोराला कन्नडमध्ये काहीतरी सांगून व्हर्निअर मागवलं. गनमेटलचा तुकडा घेतला, कातला, जुना बुश दाबून काढला, नवा दाबून बसवला, मग आतून फिनिश केला. तबकडी अशी सरकायला लागली की आवाज नाही, डुलणं नाही. पैसे सांगितले ते ऐकून मलाच ओशाळल्यासारखं झालं, वर चहा त्यानेच पाजला.

बसवताना तबकड्यांच्या तोंडाला बारीक पॉलिशपेपर मारला, पेट्रोलने पुसलं, हात धुतले आणि मगच पट्टा हातात घेतला. पट्ट्याला ग्रीस लागलं की सगळं मुसळ केरात.

आता गाडी पूल चढते, न ओरडता. पण मामांना नवीनच खूळ लागलंय, त्यांना हलके रोलर टाकायचेत. हलक्या वजनाला तबकडी ढकलायला जास्त रेस लागते, म्हणजे पट्टा उशिरा चढतो आणि इंजिन चढावर जोरात राहतं, हे खरं आहे, चोर्ल्याच्या घाटात बरंच वाटेल. पण सपाटीला उगाच किंचाळत राहणार आणि टू-स्ट्रोक गाडी आधीच पेट्रोल पिणारी. मी म्हणतो कंपनीने दिलेलंच वजन ठेवा. ते म्हणतात तुला काय कळतंय. परवा हाच वाद चालला होता तर मामी आतून म्हणाल्या, "वजनच कमी करायचंय तर पायाजवळ सिलिंडर ठेवून आणायचं आधी बंद करा की."