अडकलेत

दुपारी तीनच्या सुमाराला वीज गेली आणि बेळगावच्या वडगावातले माग एकदम गप्प झाले. इथे राहणाऱ्याला मागांची खडखड ऐकूच येत नाही, थांबली की मात्र ऐकू येते. त्या शांततेत रद्दीवाल्याची हाक आली, म्हणून माळ्यावरचे बाबांचे गठ्ठे खाली काढले. वर्तमानपत्रं त्याने तराजूत टाकली. कंपन्यांचे वार्षिक अहवाल बोटांनी चाचपले आणि बाजूला सारले.

"सर, ह्या गुळगुळीत कागदाला रेट नाही बघा."

म्हणजे शेअरला नव्हता तो नव्हताच, आता कागदालाही नाही.

खरं तर मला लहानपणी हा कागद फार थोर वाटायचा. वर्गात सगळ्यांच्या वह्यांना खाकी कव्हर. माझ्या भूगोलावर सिमेंट कारखान्याची चिमणी आणि गणितावर टाय लावलेलं अख्खं संचालक मंडळ. गुरुजींनी एकदा विचारलं, "हे कोण रे सगळे?" मी म्हटलं, "आमचे भागीदार." बाबा तसंच म्हणायचे. त्यांच्याकडे कुठल्याही कंपनीचे पन्नासच्या वर शेअर कधी नव्हते, पण तोरा भागीदाराचा. बारा रुपयांचा डिव्हिडंड वॉरंट, म्हणजे नफ्यातल्या वाट्याचा चेक, पोस्टाने आला की मला स्लिप भरून बँकेत पिटाळायचे. जाऊन-येऊन दीड तास, कॅशियरच्या शिव्या वेगळ्या.

ओसी, म्हणजे मटका, लावणाऱ्यांचा त्यांना भयंकर तिटकारा. गल्लीच्या तोंडाला पानपट्टीवर आकडे घेणारा बसायचा, त्याच्या बाजूने चालायचंसुद्धा नाही असा दंडक होता. आता वाटतं, ओसीवाल्याला निदान त्याच रात्री कळायचं. बाबांना कळायला वर्षं लागायची. १९९२ च्या एप्रिलमध्ये सेन्सेक्स ४,४६७ वर गेला, आणि यांना नेमकं त्याच महिन्यात धाडस सुचलं. मग हर्षद मेहताचा घोटाळा बाहेर आला. चष्म्यावर भिंग धरून पेपरातले बारीक भाव बघणारे बाबा मला आठवतात. तोंडाने एकच शब्द, "अडकलेत."

बुडाले असं ते कधीच म्हणाले नाहीत.

पण त्यांचं खरं प्रेम सागवानावर. नव्वदच्या दशकात त्या सागाच्या कंपन्यांचं पेवच फुटलं होतं. आज काही हजार भरा, वीस वर्षांनी तुमच्या झाडाचे लाख घ्या. आमचं आजोळ खानापूरच्या पुढे, लोंढ्याच्या वाटेला. डोळ्यांसमोर रान असलेल्या माणसाने कुठल्या तरी लांबच्या, कधी न बघितलेल्या माळावरचा साग कागदावर विकत घेतला. रंगीत माहितीपत्रक आलं तेव्हा मी विचारलं, "ह्यातलं आपलं झाड कुठलं?" बाबांनी जरा विचार केला आणि डावीकडच्या एकावर बोट ठेवलं. "हे." पुढे दोन-तीन वर्षं आजोळी जाताना ते लाल बसच्या खिडकीशी बसायचे. रस्त्याकडेचा साग दिसला की बुंधा नजरेनेच मोजायचे आणि आईला सांगायचे, "ह्याचे चाळीस हजार कुठं गेले नाहीत." आई डोळे मिटून घ्यायची. तिला बस लागायची.

१९९९ मध्ये सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, असल्या योजनांसाठी नियम केले. तोवर आमच्या कंपनीच्या पत्त्यावरून पत्रं परत येऊ लागली होती. त्यानंतर बसमध्ये खिडकीची जागा मला मिळू लागली.

शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे मला एक खोड आहे. माणसं पैशाबद्दल बोलू लागली की मी वाक्यातला कर्ता शोधत बसतो. "मी त्यात वीस हजार काढले," यात मी कसा छाती काढून पुढे उभा असतो! आणि तोटा झाला की? "शेअर पडला." "पैसे बुडाले." कोण बुडालं? पैसे. कर्ता सापडला, गुन्हेगार नाही. व्याकरणाचे पूर्ण मार्क द्यावे लागतात.

सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या आवारात आमची फिरायची फेरी झाली की बाकावर याच प्रयोगातली कबुली चालते. २००८ च्या जानेवारीत विम्याचे पैसे एका आयपीओत, म्हणजे पहिल्यांदाच विक्रीला आलेल्या शेअरांत, घातलेले एक निवृत्त गृहस्थ आहेत. त्याच महिन्यात, २१ तारखेला, सेन्सेक्स एका दिवसात १,४०८ अंकांनी आपटला होता. तो आकडा त्यांना नातवाच्या वाढदिवसापेक्षा पक्का पाठ. उद्यमबागेत लेथ चालवणारा एक दोस्त टीप देणाऱ्यालाच शिव्या घालतो, आणि दर सोमवारी त्याच्याचकडून नवी टीप आणतो. "ह्या वेळी पक्की आहे की!" हसतो सगळे. बाकावर सांगितलेला तोटा खऱ्याच्या निम्मा असतो, हे सगळ्यांना ठाऊक. कुणी खोदून विचारत नाही.

माझा? सांगतो. २३ मार्च २०२०, सोमवार. शाळा बंद, मी घरात, हातात मोबाइल. त्या दिवशी सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी कोसळून २५,९८१ वर आला, आणि बरोब्बर त्याच दुपारी मी एका बँकेचे आणि एका साबणवाल्या कंपनीचे चांगले शेअर विकून टाकले. दहा महिन्यांत सेन्सेक्सने ५०,००० ला हात लावला. विकलं काय, तर दुभती म्हैस. भाकड मात्र अजून दावणीला आहे. ११८ ला घेतला, ७० ला आणखी घेऊन अ‍ॅव्हरेज केला, ३१ ला पुन्हा केला, आता तीन रुपये चाळीस पैसे. दिवाळीत मुहूर्ताच्या सौद्याला त्यातलाच एक घेतो. का, ते विचारू नका. घरी तेव्हा काय सांगितलं होतं? "मार्केट पडलं."

रद्दीवाल्याने शेवटी अहवालही पोत्यात भरले, उपकार केल्यासारखे. गठ्ठ्यातून एक घडी खाली पडली ती बायकोने उचलली आणि उजेडाला धरली.

"कुठलं हो हे रान?"

"आपलंच की."

"आपलं?"

मी डावीकडच्या एका झाडावर बोट ठेवलं. तेवढ्यात वीज आली आणि माग सुरू झाले. पुढचं काही तिला ऐकू आलं नसावं.