तारीख मागण्याचं काम

आज ठाणे कोर्टात पहिल्यांदा एकटी उभी राहिले. काम काय, तर तारीख मागायची! सर, म्हणजे माझे सीनियर वकील, दुसऱ्या कोर्टात युक्तिवादात अडकलेले, इकडे चेक बाउन्सची, म्हणजे कलम १३८ ची केस. पुकारा झाला आणि घरून पाठ केलेलं इंग्रजी वाक्य घशातच राहिलं. मग सरळ मराठीत अर्ज दिला. जज साहेबांनी समोरच्या वकिलांकडे पाहिलं, त्यांनी मान डोलावली. झालं. मिनिटभरसुद्धा नाही.

खरं शिक्षण बाहेर व्हरांड्यात. अर्जाला कुठला स्टॅम्प लागतो, रोजनामा (केसमध्ये त्या त्या तारखेला काय झालं याची कोर्टाची नोंद) कसा वाचायचा, हे कॉलेजात कुणी शिकवत नाही. शिरस्तेदारांनी, म्हणजे कोर्टाच्या मुख्य कारकुनांनी, मात्र न चिडता सांगितलं.

पैशाचं विचारू नका. शहरातल्या ज्युनिअरला महिन्याला किमान २०,००० द्यावेत, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिलांच्या देशपातळीवरच्या संस्थेने, २०२४ मध्ये सुचवलंय. सुचवलंय, सक्ती नाही! बरं, सनदेची, म्हणजे वकील म्हणून नोंदणीची, फी तरी सुप्रीम कोर्टाने त्याच वर्षी ७५० वर आणली, तेवढाच आईच्या पर्सला दिलासा.

कोर्ट नाक्याजवळ कोट नीट शिवून देणारं कुणी माहीत असेल तर सांगा. रेडिमेड कोट खांद्यावरून उतरतोय.