उंदीर अजून आतच आहे

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून दे, असा फोन आला तेव्हा मी भट्टी लावत होते. हात मातीचे, फोन खांद्याने कानाशी धरलेला. हो म्हणून बसले आणि मग लक्षात आलं, शाळेवर लिहायचं म्हणजे मला चित्रकलेच्या बाईंवरच लिहिता येणार. बाकीच्या गुरुजनांनी क्षमा करावी. (गणिताच्या सरांनी दहावीच्या निकालादिवशीच केली असेल.)

टाकीमागची खोली सगळ्यांना आठवत असेल. एलिमेंटरी-इंटरमिजिएटपुरती बाकीची मुलं तिथे फिरकायची. आम्ही तीन-चार जणी मात्र श्रावण लागला की शाळा सुटल्यावरही शाडू मळत बसायचो. आठवीत बाईंनी मला गणपतीच्या उंदराचा साचा करायला दिला. प्लास्टरचा, दोन भागांचा. पहिला भाग घट्ट झाला की त्याच्या कडांना साबणाचं पाणी लावायचं, मगच दुसरा ओतायचा. म्हणजे दोन्ही सुटे होतात. मी साबण विसरले. बाईंनी माझा तळवा प्लास्टरवर ठेवला. "गरम लागतंय? धरतंय ते. निवेपर्यंत हात लावायचा नाही." निवल्यावर पटाशी लावली, ठोकून पाहिलं, काही नाही. दोन भागांचा एकच ठोकळा, आणि उंदीर आत. मी रडायच्या बेतात. बाईंनी ठोकळा सगळीकडून फिरवून पाहिला. "जोड कुठे आहे तेसुद्धा कळत नाही. काम सफाईचं झालंय हो!"

पुढे वाऱ्याने आपटणारं दार तो ठोकळाच धरून ठेवायचा. मी शाळा सोडली तोवर तरी तिथेच होता.

सिरॅमिकसाठी जे. जे.ला जायला घरून विरोध होता. बाई आमच्याकडे आल्या, चहा घेतला, रिकामा कप उलटा करून वडिलांना म्हणाल्या, "हासुद्धा कुणीतरी करतंच ना?" एवढंच. वडील गप्प बसले.

१८७० च्या दशकातच तिथे टेरीसाहेब या इंग्रज शिक्षकांच्या हाताखाली अजिंठ्याची नक्षी काढलेली भांडी होत होती, हे तिथे गेल्यावर कळलं. झालं, मी भांड्यावर बोटभर जागा मोकळी सोडेना. कमळं, हंस, वेली. कोबाल्ट ऑक्साइड लावताना काजळासारखं काळं असतं, भट्टीतून निळं होऊन येतं. त्या निळ्याचं वेडच लागलं होतं. नंतर काही वर्षं कारखान्यात कप ओतले. १० किलो सुक्या मातीला ४० ग्रॅमच्या आसपास सोडियम सिलिकेट, की फारसं पाणी न घालता माती बासुंदीसारखी वाहते. प्लास्टरचा साचा पाणी पितो, आतून मातीचा थर धरतो, १५-२० मिनिटांनी उरलेली माती ओतून काढायची. मग जोडावर उठलेली रेघ सुरीने खरवडायची, स्पंजाने पुसायची. ती रेघ कुणाला दिसू नये, याचाच मला पगार मिळायचा.

आता मी घरातल्या वस्तूंचे साचे काढून त्यांत माती ओतते. कडीचा डबा, रॉकेलचं नरसाळं, आजीचा तांब्या. भाजून निघाले की दहा-बारा टक्के आटलेले असतात, भातुकलीकडे झुकलेले. आणि जोडाची रेघ मी खरवडत नाही. सगळं भांडं पांढरं, निळा रंग फक्त त्या रेघेवर. प्रदर्शनात एका गृहस्थांनी विचारलं, "फिनिशिंग राहिलंय का?" हो म्हटलं.

बाईंना हे दाखवायचं राहून गेलं. त्या जाऊन सहा वर्षं झाली.

मागच्या दिवाळीत शाळेत येऊन गेले. टाकीमागच्या खोलीत संगणक आलेत. दाराला स्प्रिंग आहे, आपोआप मिटतं. आत एसी असतो ना. ठोकळ्याचं विचारलं तर शिपाईमामा नवीन, त्यांना काहीच ठाऊक नाही. कुणाच्या परसात, तुळशीपाशी, दीड विटेएवढा, एक कोपरा उडालेला पांढरा ठोकळा पडलेला असेल तर कृपा करून फोडू नका. शाळेच्या कार्यालयात कळवा, मी येऊन घेऊन जाईन. बदल्यात सहा कपबश्या देईन.

— एक माजी विद्यार्थिनी, दहावी 'ब', १९८८