सिंथेटिक बायोलॉजी शिकायची? आधी कंट्रोल प्लेट लावा

सिंथेटिक बायोलॉजी म्हटलं की पोरं थेट अमेरिकेतल्या लॅबची नावं घेतात. खरं तर परभणी-जालन्याच्या बांधावरूनही सुरुवात करता येते. 2002 साली परवानगी मिळालेली पहिली बीटी कपाशी घ्या. बोंडअळीला मारणारा जीन मातीतल्या बॅक्टेरियाचा, तो चालू करणारा प्रमोटर फुलकोबीच्या मोझॅक व्हायरसचा, आणि ‘इथं थांब’ सांगणारा टर्मिनेटर चक्क सोयाबीनचा!

असे सुटे भाग जोडणं हे जेनेटिक इंजिनिअरिंग. प्रत्येक भागाची ताकद आधी मोजायची, सर्किट कागदावर मांडायचं, बांधायचं आणि पुन्हा मोजायचं, हा हट्ट धरला की ती सिंथेटिक बायोलॉजी. जानेवारी 2000 मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात ई. कोलाय या बॅक्टेरियातली अशी दोन सर्किटं आली: एकमेकांना दाबणाऱ्या दोन जीन्सचा स्विच आणि तीन जीन्सच्या साखळीचं घड्याळ.

एमएस्सीच्या प्रॅक्टिकलमध्ये मात्र गाडी अडते ती ट्रान्सफॉर्मेशनवर, म्हणजे बॅक्टेरियाच्या पेशीत बाहेरचा डीएनए घालण्यावर. डीएच5-अल्फा या ई. कोलायच्या वाणाच्या 50 मायक्रोलिटर कॉम्पिटंट (डीएनए आत घ्यायला तयार केलेल्या) पेशी बर्फातच वितळू द्या, मुठीत धरून नाही. त्यात 1 मायक्रोलिटर प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं वर्तुळ, घाला. 10 नॅनोग्रॅम पुष्कळ झालं. 30 मिनिटं बर्फात, 42 अंशांच्या पाण्यात 45 सेकंद, परत 2 मिनिटं बर्फात. मग 950 मायक्रोलिटर एसओसी (पेशींचं पातळ खाद्य) घालून 37 अंशांवर तासभर शेकरवर ठेवा आणि त्यातलं 100 मायक्रोलिटर अँपिसिलिन या अँटिबायोटिकच्या प्लेटवर पसरा. तिथं प्लाझ्मिड घेतलेल्या पेशीच तग धरतात. मे महिन्यात आपल्याकडे हवाच 42 अंशांवर जाते, पण हवेत हीट शॉक बसत नाही. ट्यूब पाण्यातच बुडवायची, आणि वॉटर बाथच्या आकड्यावर भरवसा न ठेवता थर्मामीटर लावायचा.

सोबत आणखी तीन कंट्रोल प्लेट, म्हणजे चूक कुठं झाली ते सांगणाऱ्या प्लेट, लावा, कितीही कंटाळा आला तरी. डीएनए न घातलेल्या पेशी साध्या एलबीवर (औषध नसलेल्या खाद्यावर) पसरल्या की गालिच्यासारख्या वाढायला हव्यात. नाही वाढल्या तर पेशीच मेलेल्या आहेत. रात्री लाईट जाऊन फ्रीझर उतरला आणि वितळलेल्या पेशी पुन्हा गोठल्या, तर त्या वाढतील कदाचित, पण डीएनए नीट घेणार नाहीत. दुसरी प्लेट: डीएनए न घातलेल्या त्याच पेशी अँपिसिलिनवर वाढल्या तर औषध मेलंय. बहुतेक आगार 55 अंशांच्या खाली यायच्या आत औषध त्यात ओतलेलं असतं. तिसऱ्या प्लेटसाठी 100 पिकोग्रॅम पीयूसी19 हे नेहमीचं प्लाझ्मिड घेऊन वरचीच कृती करा. प्लेटवर 10 पिकोग्रॅम जातं. 80 कॉलनी आल्या तर पेशींची डीएनए घेण्याची क्षमता मायक्रोग्रॅमला 80 लाख कॉलनी. कॅल्शियम क्लोराइडनं कॉम्पिटंट केलेल्या पेशींसाठी हा आकडा चांगला. फारच कमी आला तर काचेची भांडी बघा. साबणाचा अंश राहिला की पेशी बिघडतात.

18 तासांनंतर प्लेट इनक्युबेटरमध्ये ठेवू नका. मोठी कॉलनी बाहेर सोडलेल्या एन्झाइमनं भोवतालचं अँपिसिलिन तोडते आणि तिच्याभोवती बारीक पिल्लं उगवतात. त्यांच्यात प्लाझ्मिड नसतं. हौसेनं उचललं की दुसऱ्या दिवशी ट्यूब कोरी.

वापरलेल्या प्लेट बेसिनमध्ये नाही, आधी ऑटोक्लेव्हमध्ये: 121 अंश, 15 पाउंड दाब, 30 मिनिटं.